सिनेमा एकच बघतो, मग पार्किंगपर्यंत येताना त्याचे दोन कसे होतात? (नवरा-बायको स्पेशल)

वारज्याची_मनी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज लिहायला कारण मिळालंय. काल आम्ही धुरंधर बघितला. आम्ही म्हणजे मी आणि नवरा. लेकीला आजीकडे सोडलं, कारण एक तर पिक्चरला ए सर्टिफिकेट आहे आणि दुसरं म्हणजे २१४ मिनिटं ती गप्प बसली नसती. (मी पण बसले नाही असं नवऱ्याचं म्हणणं आहे.)

तर पिक्चर सुटला, लिफ्टने खाली आलो, गाडीचं दार उघडायच्या आधी त्याने तो प्रश्न विचारला. "कसा वाटला?"

ह्या प्रश्नाला आमच्याकडे इतिहास आहे. फेब्रुवारीत छावा बघितला. शेवटचा तो छळाचा भाग सुरू झाला आणि नवरा रडला, अगदी शर्टाच्या बाहीला डोळे पुसत. मी पण हादरले होते हो, पण त्याआधीचे दोन तास आवाजाने माझं डोकं ठणकत होतं आणि पार्किंगमध्ये मी एवढंच बोलले की आवाज थोडा कमी चालला असता. झालं! "तुला संभाजी महाराजांच्या सिनेमात आवाजाचं पडलंय?" अरे मी महाराजांना कुठे काय बोलले, मी स्पीकरला बोलले ना.

मग जुलैत सैयारा. मी रडले आणि हा मांडीवर फोन उलटा धरून स्कोअर बघत होता. त्या रविवारी मँचेस्टरला जडेजा आणि सुंदर टेस्ट वाचवत होते. म्हणे "खरा ड्रामा तिकडे चालला होता, दोघांची शतकं झाली". सप्टेंबरात दशावतार दोघांना आवडला म्हणून मी खूश, तर घरी येईपर्यंत कळलं की मला मध्यंतरापर्यंतचा आवडलाय आणि त्याला मध्यंतरानंतरचा.

आणि आता हा धुरंधर. मला रक्त फार झालं, लांबी फार झाली, पण अक्षय खन्ना आवडला. हे सगळं मी नीट क्रमाने सांगत होते, पण तोंडातून आधी निघालं ते असं की "फेब्रुवारीत ज्याला औरंगजेब म्हणून शिव्या घातल्यास त्याच्याच नाचाचं आता स्टेटस ठेवलंयस". तो काही बोलला नाही. आणि ह्या सगळ्या गडबडीत पार्किंगचं तिकीट हरवलं. २०० रुपये दंड. तिकीट कोणाच्या हातात होतं ह्यावर अजून एकमत नाही.

तर प्रश्न असा, की "कसा वाटला?" ह्याचं खरं उत्तर लगेच पार्किंगमध्ये द्यावं, का घरी जाऊन जेवणं झाल्यावर? का द्यायचंच नाही? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

आगाऊ_पोपट

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (घरचे. मल्टिप्लेक्सचे परवडत नाहीत.)

कोकणी_फणस

तिकीट तुमच्याच हातात होतं. अनुभवाने सांगतो.

शून्य_प्रहर

आमच्याकडे १९ वर्षांच्या संसारात ह्यावर एकच तोडगा निघाला, तो म्हणजे वेगवेगळे पडदे. एकाच मल्टिप्लेक्समध्ये एकाच सुमाराचे दोन शो बघायचे, ती तिच्या पडद्याला, मी माझ्या. सोबत जाणं झालं, सोबत येणं झालं, मध्ये शांतता. फक्त एक अडचण, मध्यंतर कधीच एका वेळी होत नाही. तिचं झालं की मला मेसेज येतो "बाहेर ये, समोसा घेतलाय", आणि तेव्हा माझ्याकडे नेमका मध्यंतराच्या आधीचा बाँब लागलेला असतो. मग मी माझ्या मध्यंतरात बाहेर येतो तर बाकावर टिश्यू पेपरखाली अर्धा समोसा झाकून ठेवलेला असतो. तो आहे तिथे सापडला तर मी समजतो की बाई आज खुशीत आहेत.

लेडी_डॉन_ठाणे

अर्धा समोसा! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

पण मनीताई, धाग्याचा सूर जरा "बायकांना मारामारी नको, पुरुषांना रडणं नको" असा लागतोय म्हणून आधीच सांगते, आमच्याकडे बरोब्बर उलटं आहे. धुरंधर मी दोनदा बघितलाय आणि तिसऱ्यांदा जाणार आहे. नवरा पहिल्या अर्ध्या तासात डोळ्यांवर हात घेऊन बसला होता आणि बोटांच्या फटीतून विचारत होता "झालं का? झालं का?"

त्याचा पिक्चर म्हणजे बाईपण भारी देवा. २०२३ च्या जुलैत माझ्या सासूबाईंच्या भिशीचा ग्रुप निघाला होता, सगळ्या काठापदराच्या साड्या, गजरे, त्यात एक जण आजारी पडली म्हणून तिच्या तिकिटावर हा गेला. मी पण होते. मला खरं सांगायचं तर फार काही झालं नाही, मंगळागौरीचे खेळ मला शाळेच्या गॅदरिंगला पण जमले नव्हते. हा मात्र त्या सहा बहिणींची भांडणं सुरू झाल्यावर पुढे सरकून बसला. मध्यंतरात बाहेर जाऊन त्याने पनवेलच्या बहिणीला फोन लावला. वडिलांच्या जागेवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. तिने उचलला नाही. हा तोंड पाडून आत आला. रात्री तिचाच फोन आला, "अरे सायलेंटवर होता, आम्ही बायका बायका पिक्चरला गेलो होतो". कुठला ते ओळखा.

आगाऊ_पोपट

हे खरं असेल तर ह्याच्यावरच पिक्चर निघेल.

लेडी_डॉन_ठाणे

खरं आहे रे बाबा. जागेचं मिटलं नाही, पण भाऊबीज सुरू झाली.

परशा_कुडाळकर

धागाकर्तीने दशावतारचा विषय काढलाच आहे तर माझं घरचं गाऱ्हाणं ऐका. मी कुडाळचो, सौ. नागपूरची. लग्न झालं तेव्हापासून मासे आणि सावजी असे दोन पक्ष घरात आहेतच, दशावतार आल्यावर तिसरा वाद सुरू झाला.

थेटरातून बाहेर पडताना ती म्हणाली "मस्त होता बाप्पा, एकदम आपला मराठी कांतारा!" बरं ती एकटी नाही, तेव्हा सगळं व्हॉट्सअ‍ॅप हेच म्हणत होतं. पण माझं डोकं सटकलं. कांतारामध्ये जो भूतकोला आहे ती तुळू मुलखातली दैवाची पूजा आहे, तिथे दैव अंगात येतं आणि लोक त्याला न्याय मागतात. दशावतार हे नाटक आहे हो, नाटक! आमचो बापूस अजून धयकालोच म्हणता. देवळाच्या जत्रेला रात्री पालखी फिरून झाली की सुरू होतं ते उजाडेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी ठरतं आज कुठलं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, आणि मग उभं राहून समोरासमोर संवाद तिथल्या तिथे रचायचे. समोरच्याने पुराणातला एखादा अवघड प्रश्न टाकला तर तुम्हाला उत्तर आलंच पाहिजे, नायतर पब्लिक सोडत नाही. बाईचं काम पुरुषच करणार. लहानपणी मी वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा कंपन्यांची नाटकं गोणपाटावर बसून, अर्धी झोपेत बघितलीत. झोप उडायची ती संकासुर आला की. काळा वेश, लांब लाल जीभ, आम्ही आयेच्या पदरात. आमच्याकडे म्हणतात "रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा". म्हणजे रात्री ज्याच्यापुढे इंद्र थरथरतो तो सकाळी कपड्यांचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत निघतो.

आता मला सांगा, दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री हा तो माणूस आहे. ८१ व्या वर्षी हे काम केलंय त्यांनी. तोंडाला रंग लावतानाचा त्यांचा हात बघा. मी तेवढ्यावरच रडलो. आणि ही बाजूला बसून विचारते "रानातले व्हीएफएक्स छान होते ना?"

दोन दिवस मी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली "काहून रे, मला काय ठाऊक? तू मला कधी नेलंस का जत्रेला?" नव्हतं नेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, दर मे महिन्यात गावी जातो पण जत्रा असतात थंडीत, तेव्हा मुलांच्या परीक्षा. ह्या वर्षी रजा टाकलीय.

मोगरा_आणि_मिरची

परशादादा, काय लिहिलंय. नुसत्या +१ ने भागणार नाही.

तळेगाव_दाभाडे_लोकल

अनुमोदन. पण व्हीएफएक्स छान होते हे पण खरं आहे, सौ. वहिनींना माझा पाठिंबा.

चौकस_चिंतामणी

अवांतर: दशावतार सरकारने करमुक्त का नाही केला हो? छावाच्या वेळी पण मागणी झाली होती.

जीएसटी_जोशी

चिंतामणराव, महाराष्ट्रात वेगळा करमणूक कर २०१७ पासून नाहीच, तो जीएसटीत गेला. त्यामुळे राज्य सरकार जुन्या पद्धतीने "करमुक्त" करणार तरी काय. तिकीट १०० रुपयांपर्यंत असेल तर आता ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. आणि १०० च्या आतलं तिकीट पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये मिळालं तर मला पण कळवा, मी सहकुटुंब येतो.

चौकस_चिंतामणी

धन्यवाद. म्हणजे दोघांचं एकमत झालं नाही तरी १८ टक्के सारखेच.

पुस्तकी_किडा

मी मनीताईंच्या नवऱ्याच्या बाजूने लिहायला आलो होतो, पण आधी माझं. कृपया कोणीही पुस्तक वाचलेल्या माणसाशी लग्न करू नका, किंवा केलंत तर त्या पुस्तकाच्या पिक्चरला सोबत नेऊ नका. छावा ज्यावरून केलाय ती शिवाजी सावंतांची कादंबरी बायकोने कॉलेजात दोनदा आणि बाळंतपणात एकदा वाचलीय. संपूर्ण पिक्चरभर माझ्या डाव्या कानात समालोचन. "हे असं नव्हतं. हे आधी होतं. हे गाळलं. हे पण गाळलं." मी विकी कौशल बघत होतो आणि ती न दाखवलेली पानं.

पण बाहेर आल्यावर ती एक गोष्ट बोलली ती डोक्यातून जात नाही. म्हणाली, पिक्चर येसूबाईंवर निघायला हवा. बघा म्हणे, १६८९ मध्ये महाराज पकडले गेले, मारले गेले, तेव्हा गादी स्वतःच्या मुलाला न देता दिराला पुढे करणारी ही बाई. राजाराम महाराजांना जिंजीकडे जाऊ दिलं आणि स्वतः लहान शाहूंना घेऊन रायगडावर थांबली. गड पडला, कैद झाली, आणि परत महाराष्ट्रात आली ती १७१९ मध्ये. जवळपास तीस वर्षं! "तुझ्या हिरोची कारकीर्द नऊ वर्षांची, तिची कैद त्याच्या तिप्पट, आणि पिक्चरमध्ये ती ओवाळायला येते."

माझं मत अजून वेगळं आहे, एका पिक्चरमध्ये सगळं बसत नाही. पण हे मी पार्किंगमध्ये बोललो नाही. आज इथे पहिल्यांदा बोलतोय.

मावळा_७७

तुमच्या सौं.चं बरोबर आहे. पण आधीच्या पोस्टमध्ये "आवाज जास्त होता" वगैरे जे चाललंय ते जरा जपून. काही गोष्टी टिंगलीच्या नसतात.

मोगरा_आणि_मिरची

मावळादादा, तिने टिंगल कुठे केलीये? राजा वेगळा आणि राजावरचा सिनेमा वेगळा. सिनेमा आवडला नाही म्हटलं की राजा आवडला नाही असं धरून चालायचं असेल तर मग कोणी काही बोलायलाच नको. आणि त्या लेझीमच्या दृश्याचं आठवा ना, ट्रेलरमध्ये बघून ओरडा झाला आणि प्रदर्शनाआधी ते काढलं. तेव्हा सिनेमाला नावं ठेवणारे लोक महाराजांवर प्रेम करणारेच होते की.

मावळा_७७

लेझीमचा मुद्दा मान्य. आवाजाचं माझी बायको पण म्हणाली होती. म्हणूनच जरा लागलं असेल.

आगाऊ_पोपट

नोंद घ्या, ह्या धाग्यावर एकाने मुद्दा मान्य केला. संस्थळाच्या इतिहासात पहिल्यांदा.

अभियंता_बाबू

आमच्याकडचा किस्सा थेटरातला नाही, घरचा. मागच्या वर्षी मिसेस आला होता, सान्या मल्होत्राचा, ओटीटीवर. शनिवारी रात्री आई झोपल्यावर आम्ही दोघं बघत बसलो. त्यातला नवरा स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सासरे अगदी मृदू बोलणारे, बेटा बेटा करणारे, फक्त चटणी मिक्सरची नको, सिलबट्ट्यावर वाटलेली हवी. मी मध्येच म्हटलं, जरा अती दाखवलंय, इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाला व्हिलन करणं काही पटत नाही. बायको म्हणाली, "गोड बोलतो म्हणूनच तर. ओरडला असता तर तिला भांडता तरी आलं असतं." मी गप्प. पटलं म्हणून नव्हे, उत्तर सुचलं नाही म्हणून.

त्या पिक्चरमध्ये सिंकखालचा पाइप गळत असतो. ती नवऱ्याला सारखी सांगते, प्लंबर बोलाव, प्लंबर बोलाव. तो हो म्हणतो. चार-पाच वेळा झाल्यावर मी न राहवून मोठ्याने म्हणालो, "अरे काय माणूस आहे, एक प्लंबर बोलवायला काय जातं ह्याचं?"

बायकोने पिक्चर पॉज केला. काही बोलली नाही. शांततेत किचनमधून आवाज येत होता. टप्... टप्... आमच्या सिंकखाली आठ महिने श्रीखंडाचा डबा लावलेला होता. रोज रात्री ती रिकामा करायची, मला माहीत होतं, म्हणजे दिसत होतं.

सकाळी सात वाजता प्लंबरला फोन केला. रविवार होता, तो म्हणाला सोमवारी येतो. मी स्वतः पाना घेऊन खाली झोपलो. वॉशर गेला होता. ४० रुपयांचा.

पिक्चर अती आहे हे मत मी बदललेलं नाही. पण पुढे कधी बोलून दाखवलं नाही.

लेडी_डॉन_ठाणे

आठ महिने???

शून्य_प्रहर

बाबू, मी आत्ता उठून आमच्या सिंकखाली बघून आलो.

कोकणी_फणस

मी पण. आमचा आम्रखंडाचा आहे.

तात्या_सोलापूर

पोरांनो, तुमची भांडणं एसीतली. आमचं ऐका. १९९१ साली माहेरची साडी आला. अलका कुबलचा. सोलापुरात खेड्यांतून बायका ट्रकमध्ये बसून बघायला यायच्या, मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचं लग्न होऊन आठ महिने झालेले. घरात सांगितलं देवळात जातो आणि गेलो मॅटिनीला. आत गेलो तर सगळं थेटर हुंदके देतंय. पुढच्या रांगेत एक म्हातारी पडद्यावरच्या सासूला मोठ्याने शिव्या घालत होती, अगदी निवडक. मला हसू आलं. आवरेना. रुमाल तोंडात कोंबला तरी खांदे हलतायत. आमची ही समजली मी रडतोय, तिने माझा हात हातात घेतला. मी तसाच बसलो. आणि मग हसण्याचा आवाज फुटला.

घरी येईपर्यंत शब्द नाही. दोन दिवस ताटात वाढायची, बोलायची नाही. आईने विचारलं देवळात काही झालं का?

पुढे पस्तीस वर्षं तिने माझ्यासोबत रडका पिक्चर पाहिला नाही. मैत्रिणींबरोबर जायची. मला सांगायची "तुम्ही नका येऊ, तुम्हाला रडू फार येतं".

तेव्हा मनीबाई, माझं मत असं की खरं सांगावं पण आवाज न करता.

मोगरा_आणि_मिरची

तात्या, तुम्ही लिहीत जा हो अजून. "अगदी निवडक" काय!

डब्लिनकर

इकडे आयर्लंडात मराठी सिनेमा म्हणजे एक रविवार, सकाळी ११ चा एकच शो, आणि तो आणणारा माणूस दारात उभा. आवडला नाही म्हणायची सोयच नाही, कारण त्याच्याच बायकोने पोह्यांचे डबे आणलेले असतात. दशावतारला दारातच मी आणि बायको दोघांनी एका सुरात "अप्रतिम!" म्हटलं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली "आता खरं सांग". मी म्हटलं खरंच अप्रतिम होता. तिचा विश्वास बसेना. म्हणजे इतक्या वर्षांत खोटं इतकं सवयीचं झालंय की खरं बोललो तरी उपयोग नाही.

ती_सध्या_गप्प

मी क्वचित लिहिते. वर सैयाराचा विषय झाला म्हणून.

आम्ही पण गेलो होतो. मध्यंतरात नवरा उठला आणि परत आलाच नाही. मेसेज केला तर "गाडीत आहे, तू बघ". मला इतका राग आला. आयुष्यात एकदा माझ्या आवडीच्या पिक्चरला आला आणि हे. मी पूर्ण बघितला, मुद्दामच, आणि खाली जाऊन भांडले. तुला कधीच काही हळवं बघवत नाही, तुला फक्त ठोकाठोकी लागते, असं बरंच काही.

तो स्टीअरिंगवर हात ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "परवा आईने मला भाऊजी म्हणून हाक मारली".

सासूबाई गावी असतात. विसरभोळेपणा वाढलाय हे आम्हाला माहीत होतं, वयाचं म्हणत होतो सगळे. तो दर शनिवारी एकटा जातो भेटायला, मला त्याने हे सांगितलंच नव्हतं. आणि पडद्यावर ती मुलगी विसरायला लागते नेमकं तेव्हा तो उठला होता.

नंतर आम्ही त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. औषधं सुरू आहेत. सुट्टीत लेकाचा अल्बम घेऊन बसतो त्यांच्याजवळ.

पिक्चर आवडला का हे मी त्याला विचारलेलं नाही.

लेडी_डॉन_ठाणे

खूप जपा. काही लागलं तर विपू (विचारपूस, खाजगी निरोप) करा, माझ्या आईचं चार वर्षं केलंय मी.

औषधी_वनस्पती

मी डॉक्टर आहे (स्मृतिभ्रंशाची नाही, दातांची), तरी एक सांगते. त्या पिक्चरमध्ये जेमतेम विशी ओलांडलेल्या मुलीला अल्झायमर दाखवलाय. इतक्या लहान वयात तो अत्यंत दुर्मीळ, ते बघून कोणी तरुणांनी चाव्या विसरल्या म्हणून घाबरू नये. पण घरातलं वयस्कर माणूस नावं, नाती चुकायला लागलं तर "वयच झालंय" म्हणून सोडून न देता लवकर दाखवा, जसं ह्या ताईंनी केलं. आमच्याकडे ह्या पिक्चरवरून भांडण झालं ते मी थेटरात "असं होत नाही" म्हणाले म्हणून. नवरा म्हणाला "तू दात बघ".

तळेगाव_दाभाडे_लोकल

"तू दात बघ" :)

मूक_वाचक_२५

मी नवीन आहे. वाचतोय सगळं. मला एवढंच म्हणायचं आहे की धागाकर्त्या ताईंच्या यजमानांची बाजू कोणी मांडत नाही. माणूस आठवडाभर काम करून एक पिक्चर बघतो. त्याने स्टेटस ठेवलं तर काय बिघडलं. औरंगजेब ही भूमिका होती, नाच ही वेगळी भूमिका आहे. कलाकाराचं कौतुक करणं गुन्हा नाही. आणि तिकीट त्यांच्याच पर्समध्ये होतं.

आगाऊ_पोपट

पर्समध्ये?? मनीताईंनी पर्सचा उल्लेख कुठेच केला नाहीये. मी वर जाऊन दोनदा वाचून आलो.

कोकणी_फणस

काश्मीर झालं धाग्याचं, विषय सोडून भांडण सुरू. मूकभाऊ, घरून का ऑफिसातून?

मूक_वाचक_२५

मी अंदाजाने लिहिलं. बायकांकडे पर्स असते.

वारज्याची_मनी

अहो थांबा थांबा. माझ्या नवऱ्याला मराठी टायपिंग येत नाही, तो नाहीये हा. (नसावा.) आज रात्री विचारते.

बाकी सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, रोज गाडीत बसल्यावर एक-दोन. "ती_सध्या_गप्प", तुझा वाचून मी जरा वेळ काही लिहूच शकले नाही. आणि बाबू, माझ्या सिंकखाली डबा नाही पण गॅलरीचा नळ आहे.

गाजराची_पुंगी

कोणीच एकमत झालेल्या पिक्चरबद्दल बोलत नाहीये म्हणून मी. लापता लेडीज. आमच्या घरात मी, नवरा, साबा (सासूबाई), साबु (सासरेबुवा), चौघांनाही आवडला. मग भांडण लागलं कशावरून तर मंजू माई झालेली ती बाई कुठे बघितली आहे त्यावरून. साबा म्हणे सिरियलमध्ये, नवरा म्हणे नाटकात. अर्धा तास. शेवटी मीच सांगितलं, अहो छाया कदम, सैराटमध्ये हैदराबादला त्या दोघांना आसरा देणारी अक्का. त्यावर साबु म्हणाले "सैराटचं नाव काढू नका, त्याचा शेवट मी बघितला नाही, उठून गेलो होतो". साबा म्हणाल्या "मला माहितीये, मी तुमच्या मागे आले होते". म्हणजे २०१६ पासून दोघांनाही शेवट माहीत नाही आणि दोघंही समजतायत की दुसऱ्याला माहीत आहे!

तात्या_सोलापूर

त्यांना सांगू पण नका.

वारज्याची_मनी

अपडेट देते. शून्य_प्रहर ह्यांचा दोन पडद्यांचा प्रयोग ह्या रविवारी आम्ही केला. वाकडला गेलो. नवरा परत धुरंधरला (हो, दुसऱ्यांदा), मी एका मराठीला, नाव सांगत नाही, नाहीतर धागा तिकडे वळेल.

माझा सव्वादोन तासांत सुटला. त्याचा साडेतीन तासांचा. मी बाहेर एकटी बसले, कॉफी प्यायले, लेकीला मोजे घेतले, मग बसून राहिले. समोर दुसऱ्या पडद्यातून लोक बाहेर येत होते, आणि मी बघत होते की कोण कोणाला विचारतंय. जवळजवळ सगळेच विचारतात हो, दारातून बाहेर पाऊल पडायच्या आत. काही बायका "छान होता" म्हणून पुढे चालायला लागतात, काही नवरे फोन काढतात. एक आजोबा आजींना म्हणाले "तुला झोप लागली होती", आजी म्हणाल्या "तुम्हाला पण".

तो आला. लिफ्टमध्ये सवयीने म्हणाला "कसा वाटला?" आणि स्वतःच हसला, कारण त्याने माझा बघितलाच नव्हता. मग गाडीत मी माझी स्टोरी सांगितली, पाच मिनिटांत. त्याने खरंच ऐकली, दोन प्रश्न पण विचारले. मग त्याची सुरू झाली. "अगं मी बघितलाय तो तुझ्याबरोबर" म्हटलं तर म्हणाला "तू अर्धा वेळ डोळे मिटले होतेस, तुला दिसलंच नाही". हे खरं आहे. बाणेर झालं, चांदणी चौक आला, पुलावर ट्रॅफिक होतं म्हणून वीस मिनिटं तिथेच, वारज्याला पोचलो, सोसायटीत गाडी लावली, तरी त्याचं मध्यंतर आलेलं नव्हतं. मी मध्ये बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले, आवाजाबद्दल.

पर्सचं विचारलं. म्हणाला "कुठली पर्स?" फार पटकन म्हणाला.

आगाऊ_पोपट

टायपिंग येत नाही म्हणे.

कोकणी_फणस

ह्या वेळी पार्किंगचं तिकीट?

वारज्याची_मनी

त्याच्याकडे दिलं होतं. सापडलं. समोशाच्या बिलाला चिकटलेलं.

शून्य_प्रहर

समोसा अर्धा ठेवला होता का पण?

मूक_वाचक_२५

हो.